‘कोल्हापूर’ इंजिन उभं का आहे? ट्यूब ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये ‘कोल्हापूर’ नावाचं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय, पण ते चालत नाही, नुसतं उभं आहे. बॉयलरच्या ट्यूब (आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या) बदलल्या की ते चालायला पाहिजे, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम महिन्याभरात झालं असतं, मग तिकडे इतकी वर्षं का लागतात? जोडीला दुसरा प्रश्न: साखर कारखान्याच्या गेटाजवळ चौथऱ्यावर एक जुनं नॅरोगेजचं इंजिन ठेवलंय. दर दिवाळीला रंग मारतात, तरी ते गंजतंच. त्याचं काय करावं?

दोन्ही इंजिनांचा खरा प्रश्न एकच आहे आणि तो पाण्याचा आहे. चालत्या इंजिनाला आतलं पाणी खातं, उभ्या इंजिनाला बाहेरचं. इलाज मात्र अगदी वेगवेगळे आहेत, म्हणून आधी मोठ्या इंजिनाचं बघू.

हे इंजिन लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ‘ज्युबिली’ वर्गातलं, क्रमांक ५५९३. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने ते १९३४ साली बांधलं. या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना ब्रिटिश साम्राज्यातले देश, प्रांत आणि संस्थानं यांची नावं दिली, त्यात बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, म्हैसूर यांच्या रांगेत कोल्हापूर आलं. ते स्वतः इकडे कधी आलेलं नाही, येऊ शकलंही नसतं. १८९१ साली सुरू झालेला आपला मिरज–कोल्हापूर मार्ग तेव्हा मीटरगेज होता आणि हे इंजिन तिकडच्या स्टँडर्ड गेजचं. १९६७ साली लीड्सच्या होलबेक शेडमधून ते सेवेतून बाहेर पडलं. वर्गातल्या १९१ इंजिनांपैकी आज चारच उरली आहेत आणि त्यांत भारतीय संस्थानाचं नाव असलेलं हे एकमेव. बर्मिंगहॅममधल्या टाइसलीला ते ठेवलंय.

आता ‘इतकी वर्षं का’ याचं उत्तर. रेल्वेच्या काळात एका वर्गाला इंजिनांपेक्षा जास्त बॉयलर असत. इंजिन वर्कशॉपमध्ये आलं की त्याचा बॉयलर क्रेनने उतरवायचे आणि आधीच दुरुस्त होऊन तयार असलेला दुसरा चढवायचे. इंजिन काही आठवड्यांत परत गाडी ओढायला जायचं, उतरवलेला बॉयलर मागे सावकाश दुरुस्त व्हायचा. म्हणजे दुरुस्ती तेव्हाही झटपट होत नव्हती, फक्त इंजिन तिच्यासाठी थांबत नव्हतं. आज एका इंजिनाला एकच बॉयलर आहे. त्यामुळे बॉयलरच्या दुरुस्तीला जेवढा वेळ, तेवढा वेळ इंजिन उभं. ब्रिटनमध्ये बॉयलरचं मोठं प्रमाणपत्र साधारण १० वर्षांचं असतं. ते संपलं की बहुतेक वेळा बॉयलर फ्रेमवरून उतरवून, ट्यूब काढून, आतून तपासावा लागतो. ट्यूब त्या वेळी तशाही निघतात, कारण त्या काढल्याशिवाय बॅरलचा, म्हणजे बॉयलरच्या लांब गोल भागाचा, तळ दिसतच नाही. नव्या ट्यूब बसवणं हे त्या कामातलं सोपं, ठरलेलं काम. खरा हिशोब फायरबॉक्सचा असतो.

साखर कारखान्याचा वॉटरट्यूब बॉयलर डोळ्यांसमोर असेल तर इथे थोडं थांबा. तिथे दाब गोल नळ्या आणि ड्रम सोसतात, आणि गोल वस्तू दाबाखाली आपला आकार राखते. इंजिनाचा फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी. आतली पेटी तांब्याची, तिच्यात कोळसा जळतो. बाहेरची पोलादाची. दोन्हींच्या मधल्या पोकळीत पाणी. या पेट्यांच्या भिंती सपाट आहेत, आणि सपाट भिंत दाबाने फुगायला बघते. ती फुगू नये म्हणून दोन्ही भिंती एकमेकींना शेकडो आखूड दांड्यांनी बांधलेल्या असतात. त्यांना स्टे म्हणतात. ज्युबिलीचा कामाचा दाब चौरस इंचाला २२५ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास १६ किलो. स्टे साधारण १० सेंटिमीटरवर एक असा धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० चौरस सेंटिमीटरची भिंत येते. म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या एका दांडीवर दीड टनाहून जास्त ओढ. ती प्रत्येक दांडीवर, बॉयलर दाबाखाली असेपर्यंत, सतत.

एवढ्याने स्टे तुटत नाहीत, ते तुटतात वाकण्याने. तांबं पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. २ मीटर उंचीची भिंत २० अंशांवरून २०० अंशांवर गेली की पोलाद सुमारे ४.३ मिलिमीटर वाढतं, तांबं सुमारे ६.१. शिवाय आतली पेटी आगीला चिकटून असल्याने आणखी गरम. खालच्या कडेला दोन्ही पेट्या फाउंडेशन रिंगने एकत्र जखडलेल्या आहेत, त्यामुळे हा जवळपास २ मिलिमीटरचा फरक वर वर सरकत जातो आणि वरच्या ओळीतले, कोपऱ्यातले स्टे दर वेळी वाकून सरळ होतात. तार मागेपुढे वाकवून तोडतो तसंच. म्हणून बॉयलर तपासणारा माणूस आधी वरचे कोपरे बघतो. एक जण आतून स्टेच्या डोक्यावर हलकी हातोडी मारतो, शक्य असेल तिथे दुसरा बाहेरून जड हातोडा टेकवून धरतो. धड स्टे खणखणीत वाजतो आणि हातोडी उडवतो. तुटलेला बद्द वाजतो. एखादा तुटला तर त्याचा दीड टन शेजारच्या चौघांवर जातो, म्हणून शेजारी तुटलेले दोन स्टे सापडले की बॉयलर तिथल्या तिथे बंद. मग बदलताना फक्त तुटलेले बदलून भागत नाही, त्या पट्ट्यातले सगळे बदलावे लागतात. प्रत्येक जुना स्टे ड्रिल करून काढायचा, दोन्ही पत्र्यांतली भोकं एका रेषेत टॅप करायची, नव्या मापाचा स्टे सलग आट्यांवर फिरवत न्यायचा आणि डोकं बडवून बसवायचं. दर दुरुस्तीत भोक थोडं मोठं होतं. ते हद्दीबाहेर गेलं की तांब्याचा पत्राच कापून नवा तुकडा घालायचा. वर्षं जातात ती इथे.

याच कारणाने थंड बॉयलर घाईने तापवू नये. आदल्या दिवशी बारीक आग लावायची, रात्रभर तशीच ठेवायची, दुसऱ्या दिवशी दाब चढवायचा. तीन तासांत वाफ उभी केली तर त्याची किंमत दहा वर्षांनी स्टे मागतात.

पाण्याचा भाग कारखान्यात काम करणाऱ्यांना सहज पटेल. तुमच्याकडे वाफेचं कंडेन्सेट, म्हणजे गार होऊन झालेलं पाणी, परत बॉयलरला येतं. इंजिनात तसं काही नाही. सिलिंडरमधून सुटलेली वाफ चिमणीतून वर जाते, गेली ती गेली. तीच वाफ जाताना आगीला ओढ देते, म्हणून ती अडवून परत घेताही येत नाही. पण पाण्यातले क्षार मागे राहतात. हिशोब करून बघा. मोठ्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीत, ४,००० गॅलन, म्हणजे सुमारे १८,००० लिटर पाणी मावतं. लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असलेलं, अगदी चांगलं म्हणावं असं पाणी घेतलं तरी एका टेंडरमागे ३.६ किलो क्षार बॉयलरमध्ये बसतात. बॉयलरमध्ये साडेचार हजार लिटर पाणी धरलं तर टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) एका टेंडरला ८०० ने वर जातो. साडेतीन हजारांच्या आसपास गेला की पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने सिलिंडरचं झाकण किंवा पिस्टन रॉड जातो. म्हणजे चार टेंडरांतच हद्द गाठली. त्यामुळे ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधलं क्षारांचं पाणी थोडं बाहेर सोडणं, ठरल्या वेळी झालंच पाहिजे. बोअरचं पाणी वापरायचं असेल तर आधी सॉफ्टनर लावा, नाहीतर हा हिशोब आणखी लवकर संपतो. मृदू केलेलं पाणी, पीएच ११ च्या जवळपास आणि ऑक्सिजन शोषून घेणारं रसायन एवढं सांभाळलं तर ट्यूबना बाहेरून खड्डे पडणं पुष्कळ कमी होतं. तरीही ठरावीक दिवस वाफ केल्यावर बॉयलर गार करून, सगळे प्लग काढून, जोरदार पाण्याने धुवायचाच. गाळ फाउंडेशन रिंगच्या चार कोपऱ्यांत आणि बॅरलच्या तळाशी बसतो. तिथे तो दगडासारखा घट्ट झाला की त्यामागचा पत्रा पाण्याला मुकतो, तापतो, फुगतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पाणी कमी पडणं. फायरबॉक्सच्या छतावर पाणी असेपर्यंत तांबं पाण्याच्या तापमानाजवळ राहतं. छत उघडं पडलं की काही मिनिटांत मऊ होतं आणि दाब ते खाली ढकलतो. छतात शिसं भरलेले फ्युजिबल प्लग असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. पण तो इशारा आहे, संरक्षण नव्हे, आणि प्लगवर क्षार चढले तर तो वेळेवर वितळतही नाही. १९९५ साली अमेरिकेत गेटिसबर्गला एका जतन केलेल्या इंजिनाचं छत चालत्या गाडीत असंच खचलं आणि तिघे भाजले. चौकशीत बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचे मार्ग क्षारांनी बुजलेले सापडले, म्हणजे काचेतली पातळी खरी नव्हतीच. म्हणून काच नुसती बघायची नसते, फुंकून बघायची असते. खालचा कॉक उघडून पाणी आणि वाफ दोन्ही वाटांनी जोरात येते का, बंद केल्यावर पातळी झटकन वर येते का, हे पाहायचं. ती हळूहळू चढली तर वाट तुंबतेय. दोन काचा असतील तर दोन्ही, दर पाळीला.

बाकी इंजिनाबद्दल थोडक्यात. या वर्गाला तीन सिलिंडर आहेत, प्रत्येक १७ इंच व्यासाचा आणि २६ इंच स्ट्रोकचा. मधला सिलिंडर पुढच्या जोडचाकांच्या आसाला फिरवतो, म्हणून तो आस क्रँकसारखा घडवलेला आहे. मधल्या यंत्रणेला तेल द्यायला आणि चिरा तपासायला खड्ड्यात उतरून वर बघत काम करावं लागतं, आणि तिथलं बेअरिंग गरम झालं तर वास येईपर्यंत कळत नाही. चाकांवरचे पोलादी टायर गरम करून चढवलेले असतात. ६ फूट ९ इंचांच्या चाकाला टायर आतून साधारण २ मिलिमीटर लहान ठेवतात, २०० अंश तापवला की तो सहज बसतो आणि गार होताना आवळतो. या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो, पण काम सरळ आहे. बिघाड दिसतो, मापता येतो, नवा भाग करता येतो.

म्हणूनच उद्यमनगरात काय होईल याचं उत्तर दोन भागांत देतो. बिडाचं बहुतेक सगळं होईल, आणि उत्तम होईल. फायरबार, ब्रेक ब्लॉक, पिस्टन रिंग, सिलिंडरचे लायनर ही शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या रोजच्या कामाच्या जातीची कास्टिंग आहेत. फक्त जुना भाग नेऊन ‘असाच करून द्या’ म्हणू नका. जुना भाग झिजलेला आहे. आधी मूळ माप शोधायचं, त्यावर मशिनिंगची जागा ३ ते ५ मिलिमीटर धरायची आणि बीड गार होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं ते पॅटर्नमध्ये, म्हणजे साचा करायच्या नमुन्यात, वाढवायचं. झिजलेल्या भागालाच पॅटर्न केलं की तिन्ही बाजूंनी माप कमी पडतं.

तांब्याचा फायरबॉक्स मात्र इथे कुणी हौसेने हातात घेऊ नये. तारेसाठी, बसबारसाठी बाजारात मिळणाऱ्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो. ते गॅसने जोडलं की ज्योतीतला हायड्रोजन त्या ऑक्सिजनशी आत जाऊन वाफ करतो आणि सांध्याजवळ तांबं ठिसूळ होतं. वरून सांधा सुरेख दिसतो. फायरबॉक्सला जुन्या काळी आर्सेनिक मिसळलेलं तांबं वापरत, आता वेल्डिंगसाठी फॉस्फरसने ऑक्सिजन काढून टाकलेलं वापरतात, आणि प्रत्येक प्लेटला कागद लागतो. जगभरात हे काम येणारी मोजकीच वर्कशॉप आहेत, त्यांच्याकडे रांग असते. उशिराचं हेही एक कारण.

आता तुमच्या गेटाजवळच्या इंजिनाचं. ते पुन्हा चालवायचं की जपायचं, हे आधी ठरवा, कारण दोन्ही एकदम होत नाही. चालवायचं म्हणजे मूळ पत्रा, मूळ ट्यूब, मूळ स्टे काढून नवे घालणं. इंजिन जिवंत होतं, पण त्यातला जुना माल दर दुरुस्तीला कमी होतो. रूळ नाही, रोज लक्ष देणारी माणसं नाहीत, तर माझं स्पष्ट मत जपण्याच्या बाजूने आहे. आणि एक विनंती: गणपतीत किंवा कारखान्याच्या वर्धापनदिनाला ‘नुसती थोडी वाफ काढून दाखवू’ म्हणून त्यात पाणी भरून आग लावू नका. बाष्पके खात्याच्या निरीक्षकाने तपासल्याशिवाय कमी दाबावरही नाही. हवेचा कंप्रेसर जोडायचा असेल तर बॉयलरला कधीच नको. चाकं फिरताना दाखवायचीच असतील तर इंजिन रुळापासून उचलून घ्या आणि हवा थेट सिलिंडरच्या स्टीम पाइपला, कमी दाबाने द्या.

रंग मारूनही गंजतं, कारण गंज आतून बाहेर येतोय. पहिला साठा स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या पुढच्या कप्प्यात सापडेल. बहुतेक ठिकाणी शेवटच्या आगीची राख तिथे अजून तशीच असते. कोळशाच्या राखेत गंधक असतं, चिमणीतून पाऊस पडला की त्याचं सौम्य गंधकाम्ल होतं आणि ते तळ खातं. राख पूर्ण काढा, तळ खरवडून कोरडा करा, मग प्रायमर लावा. चिमणीवर उतरतं झाकण बसवा, पण हवाबंद नको. खाली दोन बोटं फट ठेवा, आतली दमट हवा निघायला हवी. फायरबॉक्सखालच्या ऍशपॅनचंही हेच.

दुसरा साठा बॉयलरवरच्या पातळ पत्र्याच्या आवरणाखाली. आवरणाखालचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारा थर, ओल्या गोधडीसारखं पाणी धरून ठेवतं. पण ते स्वतः उपसू नका. जुन्या लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. आधी नमुना तपासून घ्या, निघालं तर परवाना असलेल्या माणसांकडूनच काढून घ्या. परत बसवताना लॅगिंग घालूच नका, उभ्या इंजिनाला त्याची गरज नाही. आवरणाच्या तळाशी हातभर अंतरावर ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा.

तिसरा साठा चाकांखाली. चौथरा करताना रुळाच्या माथ्यापर्यंत काँक्रीट भरतात, मग चाकाची कड एका खोबणीत बसते आणि त्या खोबणीत मिरगापासून दसऱ्यापर्यंत पाणी उभं असतं. वाकून बघा, चाकाच्या त्याच बोटभर पट्ट्यावर गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसतील. काँक्रीट फोडून रुळाच्या दोन्ही बाजूंना खडी घाला. बॉयलरचे सगळ्यात खालचे प्लग काढून तिथे जाळी लावा म्हणजे उंदीर-पाखरं शिरणार नाहीत. पाण्याच्या टाकीच्या तळाला भोक ठेवा आणि सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवा.

रंग यानंतर. तोही डिसेंबर ते फेब्रुवारीत, पत्रा पूर्ण कोरडा असताना. जुन्या रंगावर रंग चढवू नका, धातूपर्यंत उतरवा. झिंक फॉस्फेटचे दोन हात, वर एनॅमलचे दोन. कनेक्टिंग रॉड रंगवू नका, त्यांना लॅनोलिन किंवा ग्रीस लावा. मात्र ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग सुरू होण्याआधी प्रत्येक भाग चिंधी आणि रॉकेलने पुसून त्यावर ठोकलेले आकडे शोधा, त्यांचे फोटो काढा. रॉडच्या टोकांवर, व्हॉल्व्ह गिअरवर, चाकाच्या कडांवर ते असतात. इंजिनाचा मूळ क्रमांक, कोणता भाग दुसऱ्या इंजिनावरून आला, टायर कधी बदलले, हे तेच सांगतात. एका दुपारच्या सँडब्लास्टिंगमध्ये ते कायमचे पुसले जातात.

आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर रंग राहू द्या, छप्पर घाला. चार खांब, वर पत्रा, चारही बाजूंना मीटरभर पुढे आलेला, भिंती नाहीत. बॉयलर हाऊसची राख आणि बगॅसची भुकटी तुमच्या आवारात उडत असणारच, ती ओल धरून बसते, म्हणून छपराखालीही महिन्याला एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. सुरुवात स्मोकबॉक्सचं दार उघडण्यापासून करा. दाराच्या बिजागऱ्यांना आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा, ते बहुधा जाम असेल.